डच ‘झेइन’ म्हणजे ‘असणे’: उगम, अर्थ, रूपं आणि नेहमीच्या चुका

डच शिकताना पहिल्याच धड्यात ‘झेइन’ भेटतं आणि पुढे प्रत्येक धड्यात पुन्हा आडवं येतं. रूपं पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. मराठी माणूस अडखळतो तो दुसरीकडे: आपलं ‘आहे’ जिथे जिथे चालतं, तिथे तिथे ‘झेइन’ चालत नाही. या पानावर त्या जागांवरच जास्त भर दिला आहे. डच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत, गरज पडली तिथे स्पेलिंगही सांगितलं आहे.

‘झेइन’चा उच्चार नेमका कसा करायचा?

स्पेलिंग झेड-आय-जे-एन. ‘झ’ हा ‘झाड’मधला, पण हकार काढून टाकलेला. ‘आय-जे’ ही डचमधली जोडी एकच स्वर मानायची. ‘बॅट’मधल्या ‘अ‍ॅ’च्या आसपास तोंड उघडून ‘इ’कडे घसरायचं. ‘झाइन’ म्हटलंत तर जर्मन वाटेल.

‘इस’मध्ये शेवटी स्वच्छ ‘स’ येतो. इंग्रजीच्या सवयीने ‘इझ’ म्हणू नका, डचमध्ये शब्दाच्या शेवटी ‘झ’, ‘ब’, ‘ड’ यांसारखं घोष व्यंजन टिकत नाही. ‘वास’ (भूतकाळी एकवचन) यातला ‘आ’ आखूड आहे, आपल्या नाकाला येणाऱ्या वासापेक्षा बराच तोकडा. ‘वारन’मधला ‘आ’ मात्र चांगला लांब. ‘व’ची चिंताच नको: वरचे दात आणि खालचा ओठ जेमतेम टेकवून केलेला मराठी ‘व’ नेदरलँड्समध्ये जसाच्या तसा चालतो. ओठांचा चंबू करून केलेला इंग्रजी ‘व’ उलट खटकतो. ‘खवेस्ट’चा ‘ख’ घशातून घासत येणारा, बेल्जियममध्ये तो मऊ होऊन ‘घ’कडे झुकतो.

आणखी एक गोष्ट. ‘वारन’, ‘वेझन’ अशा शब्दांतला शेवटचा ‘न’ नेदरलँड्सच्या पश्चिम भागात बोलताना सहसा गळतो. मग उरतो तो ‘घरं’, ‘केलं’ यांच्या शेवटी असतो तसा लांबट ‘अ’. म्हणजे ‘वारं’. ‘झेइन’चा ‘न’ मात्र कधीच गळत नाही.

वर्तमानकाळाची रूपं कोणती?

इक बेन – मी आहे
येइ बेंट (किंवा हलकं ‘य बेंट’) – तू आहेस
यू बेंट – तुम्ही आहात (आदरार्थी)
हेइ इस, झेइ इस, हेट इस – तो आहे, ती आहे, ते आहे
वेइ झेइन – आम्ही किंवा आपण आहोत
युली झेइन – तुम्ही सगळे आहात
झेइ झेइन – ते, त्या, ती आहेत

‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद डचमध्ये नाही. आदरार्थी ‘यू’ एकाला आणि अनेकांना सारखाच.

‘झेइ’ म्हणजे ‘ती’ही आणि ‘ते सगळे’ही. फरक कळतो तो क्रियापदावरून: ‘झेइ इस’ म्हणजे एक बाई, ‘झेइ झेइन’ म्हणजे घोळका. त्यामुळे इथे क्रियापद चुकलं तर ऐकणाऱ्याला कोणाबद्दल चाललंय तेच कळत नाही.

‘बेंट’मधला ‘ट’ कधी कधी गायब का होतो?

‘येइ’ किंवा ‘य’ हा कर्ता क्रियापदानंतर आला की ‘ट’ पडतो. ‘येइ बेंट क्लार’ (तुझं झालंय), पण ‘बेन य क्लार?’ (झालं का तुझं?). नियम फक्त ‘येइ’ आणि ‘य’ यांच्यापुरता आहे. ‘बेंट यू क्लार?’मध्ये ‘ट’ राहतो. हे केवळ प्रश्नातच होतं असं नाही. वाक्य दुसऱ्या एखाद्या शब्दाने सुरू झालं की कर्ता मागे जातो आणि तेव्हाही ‘ट’ पडतो: ‘मॉर्खन बेन य व्रेइ’ म्हणजे ‘उद्या तू मोकळा आहेस’.

सापळा एकच. ‘य’ म्हणजे ‘तुझा, तुझी’ असंही असतं. ‘इस य मूडर एर?’ म्हणजे ‘तुझी आई आहे का?’ इथे कर्ता आई आहे, म्हणून ‘इस’. ‘बेन य मूडर?’ म्हटलंत तर समोरच्या बाईला ‘तू आई आहेस का?’ असं विचारल्यासारखं होईल.

‘यू इस’ आणि ‘खेइ झेइट’ ही रूपं कुठली?

‘यू इस’ जुन्या पत्रांत आणि वयस्कर लोकांच्या तोंडी सापडतं. आदरार्थी संबोधनाला तृतीय पुरुषाचं क्रियापद लावायची ती पद्धत, आज ‘यू बेंट’च लिहा. ‘खेइ’ हे जुनं ‘तू’. बेल्जियमच्या डचभाषक भागात, म्हणजे फ्लँडर्समध्ये, ते रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. नेदरलँड्समध्ये ते कानाला १६३७ च्या बायबल भाषांतराची आठवण करून देतं. रूपं: ‘खेइ झेइट’, भूतकाळी ‘खेइ वार्ट’. ओळखता आली तरी पुरे.

एकाच क्रियापदाची ‘बेन’, ‘इस’, ‘झेइन’, ‘वास’ इतकी बेढब रूपं का?

कारण ही मुळात तीन वेगळी क्रियापदं आहेत. त्यांची मोडतोड होऊन एक संसार उभा राहिला. आणि तिन्ही धातू शाळेत संस्कृत घेतलेल्या कोणालाही परिचयाचे आहेत.

पहिला धातू ‘अस्’. डच ‘इस’ आणि संस्कृत ‘अस्ति’ सख्खे भाऊबंद. संस्कृतात बहुवचनात धातूचा ‘अ’ गळून नुसता ‘स’ उरतो: अस्ति, पण स्मः, स्थ, सन्ति. डच ‘झेइन’ त्याच उरलेल्या ‘स’वर उभं आहे, जसं लॅटिन ‘सुन्त’ आणि जर्मन ‘झिंट’. म्हणजे ‘इस’ आणि ‘झेइन’ एकमेकांशी जुळत नाहीत असं वाटतं ते ‘अस्ति’ आणि ‘सन्ति’ यांच्यात वाटेल तितकंच. मराठी ‘असणे’ याच घरातलं.

दुसरा धातू ‘भू’. ‘बेन’ आणि ‘बेंट’ यांचा ‘ब’ तिथून आला. संस्कृत ‘भवति’चा ‘भ’ जर्मानिक भाषांत (डच, जर्मन, इंग्रजी यांच्या कुटुंबात) ‘ब’ होतो (भ्रातृ आणि डच ‘ब्रूर’ ही जोडी पाहा). ‘बेन’मध्ये खरं तर दोन धातूंचं कलम झालं आहे: ‘ब’ हा ‘भू’चा, आणि शेवटचा ‘न’ हा जुन्या ‘म’चा अवशेष, जो ‘अस्मि’मध्येही दिसतो. मध्ययुगीन डचमध्ये ‘बेम’ असं रूप सापडतंही. मराठीत ‘भू’ प्राकृत ‘होइ’वाटे ‘होणे’ बनून आला.

तिसरा धातू ‘वस्’, म्हणजे राहणे, मुक्काम करणे. मराठीत ‘वस्ती’, ‘निवास’, ‘वसणे’. डचमध्ये ‘वास’, ‘वारन’, ‘वेस’, ‘खवेस्ट’ ही सगळी रूपं याची. मूळ अर्थ ‘मुक्काम केला’ असा, त्याचं झिजून ‘होता’ झालं.

या भाषा एकाच मुळातल्या असाव्यात हा अंदाज खुद्द डच विद्वानांना फार आधी आला होता. लायडनच्या मार्कस झुएरियस व्हान बॉक्सहॉर्न यांनी १६४७ मध्ये डच, जर्मन, ग्रीक, लॅटिन आणि फारसी यांचं मूळ एक असल्याचं मांडलं, तेव्हा त्यांच्या हाताशी संस्कृत नव्हतं. संस्कृतला या कुटुंबात आणणारं विल्यम जोन्स यांचं कलकत्त्यातलं भाषण १७८६ चं. लायडन विद्यापीठात संस्कृतचं अध्यासन सुरू झालं १८६५ मध्ये, आणि त्यावर हेंड्रिक केर्न बसले.

‘वास’चं बहुवचन ‘वासन’ का नाही? ‘स’चा ‘र’ कसा झाला?

याचं उत्तर वैदिक स्वरांत आहे. डॅनिश अभ्यासक कार्ल व्हेर्नर यांनी १८७७ मध्ये छापलेल्या लेखात ते उलगडून दाखवलं. ‘वस्’ची परोक्ष भूतकाळातली रूपं घ्या: एकवचन ‘उवास’, बहुवचन ‘ऊषुः’. पहिल्यात उदात्त स्वर धातूवर पडतो, दुसऱ्यात प्रत्ययावर. जर्मानिक भाषांत ‘स’च्या लगेच आधी आघात असेल तर ‘स’ शाबूत राहिला. आघात पुढे असेल तर तो घोष होऊन ‘झ’ झाला आणि डच, जर्मन, इंग्रजी यांच्या पूर्वजात त्याचा पुढे ‘र’ झाला. म्हणून एकवचन ‘वास’, बहुवचन ‘वारन’. आघाताची ती जागा डचमधून केव्हाच पुसली गेली, खूण तेवढी राहिली.

जर्मनने नंतर दोन्हीकडे ‘र’ करून टाकला (वार, वारन), डच आणि इंग्रजीने भेद जपला. हाच ‘स/झ–र’ खेळ डचमध्ये आणखी काही ठिकाणी दिसतो: ‘व्हरलीझन’ म्हणजे हरवणे, पण ‘हरवलेलं’ म्हणजे ‘व्हरलोरन’.

भूतकाळ आणि बाकीचे काळ कसे चालवायचे?

साधा भूतकाळ सगळ्यांत सोपा: एक असेल तर ‘वास’, अनेक असतील तर ‘वारन’. ‘येइ वास’, ‘यू वास’, ‘हेइ वास’ सगळं सारखं. वर्तमानकाळात ‘ट’ लागतो म्हणून इथेही ‘वास्ट’ करणारे खूप आहेत, ते चूक.

पूर्ण वर्तमान: ‘इक बेन खवेस्ट’. इथे साहाय्यक क्रियापद ‘झेइन’च. इंग्रजीची सवय असलेले ‘इक हेप खवेस्ट’ म्हणतात (‘हेप’ हे ‘हेबन’चं, म्हणजे ‘जवळ असणे’चं रूप). काही बोलींत ते ऐकू येतं, पण प्रमाण डचमध्ये आणि परीक्षेत ती चूक धरली जाते. त्याच्याही मागचा काळ ‘इक वास खवेस्ट’. भविष्य ‘इक झाल झेइन’, संकेतार्थ ‘इक झाउ झेइन’.

भविष्याचं रूप रोजच्या बोलण्यात फार वापरू नका, पुस्तकी वाटतं. आपण ‘उद्या मी नाहीये’ म्हणतो तसंच डच माणूस ‘मॉर्खन बेन इक एर नीट’ म्हणतो आणि काम भागतं. (हा ‘नीट’ म्हणजे ‘नाही’, नीटनेटका नव्हे. मराठी कानाला सवय व्हायला वेळ लागतो.)

‘जर मी तुझ्या जागी असतो’ याला ‘आल्स इक याउ वास’. इथे ‘याउ’ म्हणजे ‘तुला’, ‘येइ’ नाही.

‘गेलो’ आणि ‘जाऊन आलो’ यांत डच फरक करतं का?

करतं. ‘हेइ इस नार डेल्फ्ट खखान’ म्हणजे तो डेल्फ्टला गेलाय, अजून तिथेच असेल. ‘हेइ इस नार डेल्फ्ट खवेस्ट’ म्हणजे जाऊन आलाय.

क्रियापदांच्या जोडीतही हाच प्रकार. ‘व झेइन खान झ्वेमन’ म्हणजे आम्ही पोहायला गेलो. ‘व झेइन वेझन झ्वेमन’ म्हणजे आम्ही पोहून आलो. हे ‘वेझन’ म्हणजे ‘असणे’चं जुनं मूळ रूप, ‘वस्’ धातूचं. ते आज एकट्याने फारसं फिरत नाही, पण इथे त्याच्यावाचून चालत नाही. ‘व झेइन झेइन झ्वेमन’ असं कोणी म्हणत नाही.

याच ‘वेझन’ची पिल्लं कार्यालयात रोज भेटतात: ‘आनवेझख’ म्हणजे हजर, ‘आफवेझख’ म्हणजे गैरहजर (सुट्टीवर गेलेल्याच्या आपोआप येणाऱ्या ईमेलात हाच शब्द असतो), ‘खवेझन’ म्हणजे माजी, उदाहरणार्थ माजी मंत्री. खरं तर ‘खवेझन’ हेच जुन्या घडणीचं भूतकालवाचक रूप. त्याची जागा ‘खवेस्ट’ने घेतली आणि त्याला ‘माजी’ या अर्थावर समाधान मानावं लागलं.

‘हो!’, ‘राहा!’ असा आज्ञार्थ कसा करायचा?

‘वेस’. ‘वेस नीट बाङ’ म्हणजे घाबरू नकोस, ‘वेस व्होरझिख्टख’ म्हणजे जपून. ‘बेन’ किंवा ‘झेइ’पासून आज्ञार्थ होत नाही. जुन्या वळणाचं बहुवचन ‘वेस्ट’ आता फक्त ठरावीक वाक्प्रयोगांत. शब्दकोशात पाहाल तर ‘वेस’चा दुसरा अर्थ ‘अनाथ मूल’ असाही सापडेल, त्याचा या क्रियापदाशी संबंध नाही.

दोन युरोच्या नाण्याच्या कडेवर ‘झेइ’ कोरलेलं असतं, ते कोणतं रूप?

नेदरलँड्सच्या दोन युरो नाण्याची कड बोटाने फिरवून पाहिली तर ‘खॉट झेइ मेट ऑन्स’ असं वाचता येतं: देव आमच्यासोबत असो. हा विध्यर्थ. संस्कृत ‘स्यात्’ आणि हे ‘झेइ’ एकाच साच्यातले. आज हे रूप स्वतंत्रपणे कोणी बनवत नाही, ते तयार शब्दांत गोठलेलं आहे. मात्र ते शब्द रोजचे आहेत:

‘टेनझेइ’ – ‘...नसेल तर’, ‘...खेरीज’. फोड केली तर ‘ते नसो’.
‘हेटझेइ... हेटझेइ...’ – एकतर हे, नाहीतर ते.
‘खॉटझेइडांक’ – देवाची कृपा!
‘हेट झेइ झो’ – असो, तसं तर तसं.

भूतकाळी विध्यर्थ ‘वारं’, तो उरलाय ‘आल्स हेट वारं’मध्ये, म्हणजे ‘जणू काही’. भाडेकरारात किंवा विम्याच्या कागदांत ‘टेनझेइ’ दिसलं की थांबून पूर्ण वाक्य वाचा. अपवादाची अट तिथेच दडलेली असते.

मराठीत ‘आहे’ आलं की डचमध्ये ‘झेइन’ लावायचं का?

नाही, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. मराठीत ‘जवळ असणे’ यासाठी वेगळं क्रियापद नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘मला ताप आहे’, सगळीकडे ‘आहे’. डचमध्ये या सगळ्याला ‘हेबन’ लागतं: ‘इक हेप ट्वे ब्रूर्स’, ‘इक हेप अन आउटो’, ‘इक हेप कोर्ट्स’. भूकही ‘हेबन’नेच: ‘इक हेप हॉङर’.

सोपी चाचणी अशी: मराठी वाक्यात तुम्ही ‘मला’ किंवा ‘माझ्याकडे’ म्हणत असाल तर ‘हेबन’. ‘मी’ म्हणत असाल तर ‘झेइन’. ‘मी आजारी आहे’ म्हणजे ‘इक बेन झीक’. ‘मी शिक्षक आहे’ म्हणजे ‘इक बेन लेरार’, आणि मराठीसारखंच इथेही ‘एक’ लावायचं नाही. चाचणी फसते ती सर्दीत: ‘मला सर्दी झालीय’ याला ‘इक बेन व्हरकाउडन’.

थंडीचं वेगळं प्रकरण आहे. ‘मला थंडी वाजतेय’ म्हणजे ‘इक हेप हेट काउट’. ‘इक बेन काउट’ म्हणजे अंगाला हात लावला तर गार लागतं.

‘पुस्तक टेबलावर आहे’ याला ‘हेट बूक इस ऑप टाफल’ चालेल?

कळेल, पण डच माणूस तसं म्हणणार नाही. वस्तू कुठे आहे हे सांगताना ती कशी आहे हेही सांगावं लागतं: उभी, आडवी, आत बसलेली की लटकलेली.

‘हेट बूक लिख्ट ऑप टाफल’, पुस्तक आडवं पडलेलं. ‘द फ्लेस स्टाट इन द कूलकास्ट’, बाटली फ्रिजमध्ये उभी. ‘द टेलफोन झिट इन मेइन टास’, फोन पिशवीच्या आत. ‘द यास हाङ्ट’, कोट टांगलेला.

गोंधळ ताटलीपाशी होतो. ताटली सपाट, म्हणून ‘लिख्ट’ वाटतं. पण जेवणाच्या टेबलावर मांडलेली ताटली ‘स्टाट’, कारण ती आपल्या बुडावर नीट टेकली आहे. तीच पालथी पडली की ‘लिख्ट’. म्हणजे उंचीपेक्षा बुडाला महत्त्व. ज्याला पाय, चाकं किंवा बूड आहे आणि जे त्यावर टेकलं आहे ते ‘स्टाट’: खुर्ची, गाडी, घर, दिवा. गावं आणि शहरं मात्र कायम आडवी: ‘पुणे लिख्ट इन महाराष्ट्र’.

प्रश्न विचारताना ‘वार इस...?’ बिनधास्त वापरा, कारण वस्तू कशी आहे हे तुम्हाला ठाऊकच नसतं.

पूर्ण काळात ‘झेइन’ घ्यायचं की ‘हेबन’?

पाठ्यपुस्तकं सांगतात: जागा किंवा अवस्था बदलली की ‘झेइन’, बाकी ‘हेबन’. नियम बरोबर आहे, पण बोलताना विचार करायला वेळ कुठे असतो? मराठी माणसाच्या हाताशी याहून जलद उपाय आहे. वाक्य मनात ‘तो’ घेऊन भूतकाळात टाका आणि ‘ने’ लागतो का बघा.

‘त्याने’ म्हणावं लागलं तर जवळपास नेहमीच ‘हेबन’. त्याने पत्र लिहिलं, त्याने घर विकलं, त्याने पाणी प्यायलं. सगळी ‘हेफ्ट’ची (‘हेबन’चं ‘तो’साठीचं रूप) गिऱ्हाइकं.

‘तो’ राहिला तर दुसरा प्रश्न विचारा: जागा किंवा अवस्था बदलली का? तो आला (इस खकोमन), तो पडला (इस खव्हालन), तो वारला (इस खस्टॉर्व्हन), तो डॉक्टर झाला (इस डॉक्टर खवॉर्डन). बदल झाला, ‘झेइन’. पण तो हसला, तो जेवला, तो जिंकला, तो बोलला, यांत ‘ने’ नसला तरी माणूस होता तिथेच आणि होता तसाच. मग ‘हेफ्ट’. झोपेची जोडी लक्षात ठेवण्यासारखी: ‘तो आठ तास झोपला’ याला ‘हेफ्ट खस्लापन’, ‘त्याला झोप लागली’ याला ‘इस इन स्लाप खव्हालन’.

चाचणी उलटी पडते असे मोजके शब्द पाठच करा. ‘त्याने सुरुवात केली’ म्हणजे ‘हेइ इस बखॉनन’, ‘त्याने सिगारेट सोडली’ म्हणजे ‘हेइ इस खस्टॉप्ट मेट रोकन’. बदल नसूनही ‘झेइन’ घेणारे दोन: ‘ब्लेइव्हन’ म्हणजे राहणे, आणि स्वतः ‘झेइन’.

चालणं, सायकल चालवणं, पोहणं अशा हालचाली दोन्ही घेतात. कुठे गेलात ते सांगितलं तर ‘झेइन’: ‘इक बेन नार यूट्रेख्ट खफीट्स्ट’. नुसती सायकल चालवली असेल तर ‘इक हेप खफीट्स्ट’. विसरण्यातही असाच बारकावा: ‘इक बेन झेइन नाम व्हरखेटन’ म्हणजे त्याचं नाव डोक्यातून गेलं. काही करायचं राहिलं, वस्तू घ्यायची राहिली, तर ‘इक हेप’ घेता येतं, बोलण्यात तिथेही ‘बेन’ ऐकाल.

‘तो पास झाला’ म्हणजे ‘हेइ इस खस्लाख्ट’. इथला ‘आ’ लांब ओढा. आखूड ‘आ’ने म्हटलंत तर त्याला खाटकाने कापलं असा अर्थ होतो.

‘असणे’ आणि ‘होणे’ डचमध्ये कसे वेगळे करतात?

‘होणे’साठी ‘वॉर्डन’. मूळ ‘वृत्’, संस्कृत ‘वर्तते’. आपल्या ‘होणे’चा ‘भू’ मात्र डचमध्ये ‘बेन’ होऊन ‘असणे’च्या घरात जाऊन बसला, म्हणजे दोन भाषांनी वाटणी वेगळी केली.

कर्मणी प्रयोगात हा फरक कामाचा आहे. ‘द विंकल वॉर्ट खस्लोटन’ म्हणजे दुकान बंद केलं जातंय, काम चालू आहे. ‘द विंकल इस खस्लोटन’ म्हणजे दुकान बंद आहे. दुरुस्ती, अर्ज, पार्सल यांची चौकशी करताना ‘वॉर्ट’ ऐकलं तर काम चालू आहे किंवा व्हायचं आहे. ‘इस’ ऐकलं तर झालं.

‘मी करतोय’ असं चालू काम कसं सांगायचं?

‘झेइन’ + ‘आन हेट’ + मूळ क्रियापद. ‘इक बेन आन हेट कोकन’, मी स्वयंपाक करतोय. कर्म असेल तर ते ‘आन हेट’च्या आधी: ‘इक बेन सूप आन हेट कोकन’. साधा वर्तमानही चालतो, त्यामुळे प्रत्येक ‘-तोय’ला हे लावायची गरज नाही.

‘हेट झेइन मेइन ब्यूरन’ यात ‘हेट’ एकवचनी असून ‘झेइन’ कसं?

ओळख करून देताना ‘हेट’, ‘डिट’, ‘डाट’ हे नुसते बोट दाखवणारे शब्द असतात, क्रियापद पुढच्या नामाचं ऐकतं. ‘हे माझे शेजारी आहेत’ यातही तेच. फोनवर ‘मी बोलतेय’ याला ‘इक बेन हेट’. दाराबाहेर कोण आहे विचारलं तरी तेच उत्तर. इंग्रजी धर्तीचं ‘हेट इस इक’ डचमध्ये नाही.

पैशांना मात्र एकवचन: दुकानदार ‘डाट इस डान ट्वाल्फ यूरो’ म्हणेल, बारा युरो असले तरी.

रोजच्या बोलण्यातले कोणते प्रयोग माहीत हवेत?

‘द मेल्क इस ऑप’ – दूध संपलं. ‘इक बेन ऑप’ – मी पार थकलो.

‘हेट इस आउट’ – जमलेलं जोडपं तुटलं. ‘हेट इस आन’ – जमलं.

‘इक बेन यारख’ – आज माझा वाढदिवस. डचमध्ये वाढदिवस ‘असत’ नाही, माणूसच ‘यारख’ असतो. अभिनंदन त्याचं तर करायचंच, पण त्याच्या आईचं, बायकोचं, जमलेल्या नातेवाइकांचंही करायचं, नाहीतर ते बुचकळ्यात पडतात.

‘येइ बेंट अम’ – पकडापकडीत ‘तुझ्यावर राज्य!’

‘हेट इस हाल्फ ड्री’ – अडीच वाजले. शब्दशः ‘अर्धा तीन’, म्हणून नवखे साडेतीन समजतात आणि तासभर उशिरा पोचतात. आपला ‘अडीच’ हाही ‘अर्धतृतीय’वरूनच आला, म्हणजे तिसऱ्याचा अर्धा. दोन्हीकडचा हिशोब एकच.

वाक्यात ‘त्याचा’ या अर्थाचं ‘झेइन’ दिसतं, ते हेच का?

नाही. ते सर्वनाम आहे, उच्चार आणि स्पेलिंग योगायोगाने सारखे. बोलताना त्याचं ‘झन’ होतं, क्रियापदाचं होत नाही.

आफ्रिकान्समध्ये हीच रूपं चालतात?

दक्षिण आफ्रिकेतल्या या डचच्या लेकीने सगळं सपाट केलं. मी, तू, तो, आम्ही, ते, सगळ्यांना ‘इस’. भूतकाळात सगळ्यांना ‘वास’, मूळ रूप ‘वेस’.

गौण वाक्यात हे क्रियापद कुठे जातं?

शेवटी, अगदी मराठीसारखं. मुख्य वाक्यात ‘इक बेन झीक’, पण ‘कारण’, ‘की’, ‘जर’ यांच्या मागे ‘ऑमडाट इक झीक बेन’, शब्दाला शब्द ‘कारण मी आजारी आहे’. हिंदी-मराठी बोलणाऱ्यांना हे पटकन जमतं आणि मग भलतीच चूक सुरू होते: मुख्य वाक्यातही क्रियापद शेवटी ढकलणं. मुख्य वाक्यात त्याची जागा दुसरी, पहिला शब्द कोणताही असो.

शेवटी दोन क्रियापदं जमली तर ‘डाट इक झीक बेन खवेस्ट’ आणि ‘डाट इक झीक खवेस्ट बेन’ दोन्ही शुद्ध आहेत.